मामंजींच्या कपाटातला पांढरा घोडा: रंगाचे पोपडे सुटलेत, नव्यानं रंगवून घ्यावा का?

खानापूरची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

आमचे मामंजी मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सुभेदार होऊन पेन्शनीत आले. जिथं बदली होईल तिथून सुट्टीवर येताना एक घोडा घेऊन यायचे. लाकडाचा, मातीचा, मिळेल तसा, पण रंगवलेला नाहीतर नक्षी असलेला. गेल्या वर्षी मामंजी गेले आणि ते काचेचं कपाट आता माझ्या ताब्यात आलंय. वीसेक घोडे आहेत. बंगालमधली उंच मानेची मातीची जोडी आहे, त्यातल्या एकाचा कान निघालाय. चन्नपट्टणचे लहान चकचकीत घोडे आहेत, ते हल्ली हाताला चिकट लागतात. भाच्यानं स्वीडनहून पाठवलेला लाल घोडा आहे, आणि नणंदेच्या मुलीनं अमेरिकेतून आणलेला एक, त्याच्या अंगभर पिसं आणि ढग रंगवलेत.

पण माझा जीव अडकलाय तो पांढऱ्या घोड्यात. तो मामंजींनी आणलेला नाही, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात आहे. दीड वीत उंच, लाकडी. लाल खोगीर, त्याला हिरवी किनार, किनारीवर पिवळे ठिपके, काळी आयाळ. पूर्वी तो देवघरात असायचा. मानेच्या खाचेत अजून भंडारा बसलेला आहे. या पावसात त्याच्या पोटाचा आणि मागच्या पायाचा रंग पोपडे धरून पडायला लागलाय. रंगाखाली खडूसारखा पांढरा थर दिसतो. आणि फळीवर पायाखाली पिठासारखी भुकटी सापडते, पुसली तरी परत.

दीर म्हणतात, गणपती रंगवणाऱ्याकडं देऊन टाकू, ऑइल पेंट मारून नवा कोरा करून देईल. सासूबाईंना तो खंडेनवमीच्या पूजेत मांडायचाय आणि देवाच्या पाटावर असा उडालेल्या रंगाचा घोडा नको म्हणतात. मला काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं. फोटो टाकलेत.

शहापूरचे मास्तर

ताई, पहिली गोष्ट: घोडा रंगाऱ्याकडं नेऊ नका. दिरांना माझं नाव सांगून थांबवा. मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि अशी रंगीत लाकडी खेळणी-मूर्ती जमवण्यात निम्मं आयुष्य गेलं, म्हणून हक्कानं सांगतोय.

का नको ते सांगतो. तुमच्या घोड्याच्या अंगावर तीन गोष्टी एकावर एक आहेत. आत हलकं लाकूड. त्यावर दगडाची किंवा खडूची पूड सरसात नाहीतर डिंकात कालवून दिलेला अस्तराचा थर, तोच तुम्हाला पांढरा दिसतोय. आणि त्यावर रंग. खानापूरची हवा तुम्हाला मी काय सांगायची. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. लाकूड ती ओल पितं आणि फुगतं, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळून आकसतं. अस्तर मात्र ताणलं जात नाही, ते तडकतं. सरस ओलीनं नरम पडतो आणि पकड सोडतो. वर्षानुवर्षं हे चालल्यावर पोपडा सुटणारच. आता अशा कमजोर झालेल्या अस्तरावर ऑइल पेंट मारला की वर एक घट्ट कातडी तयार होते. ती सुकताना ओढली जाते आणि खालचं सैल अस्तर घेऊनच उचलली जाते. आमच्या गल्लीत एका घरी गौरीच्या मुखवट्याचं असंच झालं. नवा रंग दिवाळीला छान दिसला, दोन पावसाळ्यांनी चेहऱ्यावरून सोललेला निघाला आणि त्याच्याबरोबर मूळचे डोळे गेले. ते डोळे काढणारा हात आता कुठून आणायचा?

मला एवढंच म्हणायचंय. घोडा जुना झालाय हे त्याचं दुखणं नाही. दुखणं आहे ते सुटणारा पोपडा आणि आतला किडा. तेवढ्यावर इलाज करायचा आणि हात मागे घ्यायचा. ज्यानं ते पिवळे ठिपके टाकले त्याच्या कुंचल्यावर आपला कुंचला चालवायचा नाही.

आता भुकटीचं. पायाखाली पीठ पडतंय म्हणजे लाकडाला भुंगा लागलाय. पण तो आत्ता आत आहे की कधीच उडून गेला आणि जुन्या भोकांतून धक्क्यानं भुकटी गळतेय, हे आधी ठरवायला हवं. घोडा काळ्या कागदावर ठेवा. कुणी हात लावायचा नाही, फळी हलवायची नाही. दोन-तीन आठवड्यांनी कागद बघा. नवीन फिकट पीठ, तेही एखाद्या भोकाच्या बरोबर खाली ढीग करून, असं दिसलं तर किडा जिवंत आहे. भोकांच्या कडासुद्धा बघा. ताज्या भोकाची कड स्वच्छ आणि आतलं लाकूड उजळ असतं, जुन्या भोकात धूळ बसून ते काळपट होतं. तोवर हा घोडा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, आणि हे आजच करा.

किडा जिवंत निघाला तर काय? इंटरनेटवर फ्रीजरमध्ये ठेवा असं वाचाल. कोऱ्या, न रंगवलेल्या लाकडाला ते चालतं. अस्तर आधीच सुटलेल्या घोड्याला मी ते करू देणार नाही, गारठ्यानं लाकूड आखडतं आणि उरलेलं अस्तरही उडतं. त्यापेक्षा ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या मिळतात, खाऊच्या हवाबंद पाकिटांत असतात त्या. जाड, हवा न जाणाऱ्या चंदेरी पिशवीत घोडा आणि पुरेशा पुड्या घालून पिशवी इस्त्रीनं सील करायची आणि तीन-चार आठवडे उबदार खोलीत ठेवून द्यायची. हवेविना किडा, अळी, अंडी सगळं मरतं. रंगाला ढिम्म काही होत नाही. तेवढं जमत नसेल तर लाकडाच्या किड्याचं औषध सिरिंजनं फक्त पोटाखालच्या, रंग नसलेल्या भोकांतून सोडा. फवारा अजिबात मारू नका.

ओल्या फडक्यानं पुसू नका. सरसातला रंग पाण्यानं निघतो. चित्रकलेचा मऊ, जाड ब्रश घ्या आणि धूळ वरून खाली हलकेच झटका. जिथं पोपडा उभा राहिलाय तिथं ब्रशसुद्धा नको. पडलेला प्रत्येक तुकडा, मग तो तिळाएवढा असो, कागदी पाकिटात घालून कुठून पडला ते वर लिहा. ते परत बसवता येतात.

आणि भंडारा! तो काढायचा विचारसुद्धा करू नका. पांढरा घोडा, देवघर, हळद म्हणजे खंडोबाचा घोडा. मंगसुळीचा खंडोबा आपल्या भागातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत आहे, तुमच्याकडंही असेल. ती हळद म्हणजे त्या घोड्याची जन्मपत्रिका आहे. उजेडात हळदीचा रंग उडतो, म्हणून कपाट खिडकीसमोर असेल तर हलवा.

आता एक काम करा. घोडा मऊ टॉवेलवर आडवा करून पोटाखालचा आणि पायांच्या सांध्यांचा फोटो टाका. आणि डोळे मिटून बोटाच्या टोकानं खोगिराची किनार चाचपा. ते पिवळे ठिपके सपाट लागतात की उठावाचे?

चंदगडकर

मास्तर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मला हे पटत नाही. आमच्या गावच्या देवळातला लाकडी घोडा दर वर्षी यात्रेआधी रंगवतात. माझ्या आजोबांच्या वेळीही रंगवत होते. देवाचं वाहन आहे, ते उजळलेलंच पाहिजे. जुना रंग जुना रंग म्हणून तसाच ठेवला तर लोक म्हणतील देवाकडं कुणाचं लक्ष नाही. या ताईंच्या सासूबाई चुकीचं काय बोलल्या?

शहापूरचे मास्तर

चंदगडकर, सासूबाई चुकीचं काहीच बोलल्या नाहीत, आणि तुमच्या गावचा घोडा रंगवतात तेही बरोबरच आहे. तो घोडा गावाचा आहे. पालखीबरोबर बाहेर निघतो, पाऊस-ऊन खातो, हजार हात लागतात. रंग हा त्याचा कपडा आहे, दर वर्षी बदलायचाच. तिथं रंगवणं हाच सांभाळ. आजोबांच्या वेळचा रंगारी आणि आजचा रंगारी एकच रीत पाळत असतील तर सोन्याहून पिवळं.

या ताईंचा घोडा एकदाच रंगवला गेलाय. फोटो मोठा करून बघा, कुठंही दुसऱ्या रंगाची कड दिसत नाही. म्हणजे पणजोबांच्या पिढीतल्या कुठल्यातरी कारागिराचं काम जसंच्या तसं हातात आलंय. असं काम देवळांतून मिळत नाही, कारण तिथं ते दर वर्षी झाकलं जातं. घरांतूनच मिळतं, आणि घरांतून ते वाडे पाडताना भंगारात जातं. म्हणून मी एवढा हट्ट धरतोय.

पूजेसाठी मार्ग आहे. रंग घट्ट बसवून झाला की घोड्याला झूल शिवा. वरून गुळेदगुड्डचा खण, आतून धुऊन मऊ झालेलं मलमल, आणि झूल पाठीवर नुसती ठेवायची, पोटाखाली आवळायची नाही. उडालेला भाग झाकला जातो आणि घोडा नटलेला दिसतो. हळद-कुंकू आणि फुलं घोड्यासमोर पाटावर वाहा, अंगावर नको. निरांजनही हातभर लांब. यंदा मात्र खंडेनवमीपर्यंत काम होणार नाही, यंदा त्याच्या जागी दुसरा घोडा मांडा. सासूबाईंना विचारून बघा, त्या नाही म्हणणार नाहीत.

गोकाकची

मी माहेरची गोकाकची म्हणून मध्येच बोलते. पूजेला दुसरा घोडा हवा असेल तर आमच्या गावाला विसरू नका! लोक धबधबा बघतात, करदंट घेतात आणि परत जातात. गोकाकची लाकडाची आणि मातीची रंगीत खेळणी एके काळी लांबलांब जात होती. फळं तर अशी की आंबा हातात घेतल्यावरच कळायचं की वजन नाही. आमच्या लहानपणी नवरात्रात बाहुल्या मांडायला देवांच्या मूर्ती, पोपट, फळं, सगळं तिथलंच असायचं. आता करणारी घरं फार कमी राहिलीत. दुकानात विचारून उपयोग नाही, कारागिराच्या दारातच जावं लागतं, आणि घोडा हवा असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. मी भावाच्या मुलासाठी एक करून घेतला होता. बोलणं सगळं कन्नडमध्ये. त्यांनी मला आधी विचारलं, मूल त्याच्याशी खेळणार की तुम्ही कपाटात ठेवणार? खेळणार म्हटल्यावर पाय जाड ठेवले आणि कान डोक्याला चिकटवून कोरले, तुटू नयेत म्हणून. मला ते इतकं आवडलं की काय सांगू.

एक विचारायचं होतं. मास्तर, पोपडे बसवायला चिंचोक्याची खळ चालेल का? आमच्याकडं घोंगड्याला तीच लावतात, आणि खेळणीवालेसुद्धा चिंचोका वापरतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खानापूरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना वाचून दाखवलं, त्यांनी घोड्याचा नाद सोडलाय. सासूबाई झूल म्हटल्यावर लगेच ट्रंकेतून खणाचा तुकडा काढून बसल्या.

मास्तर, तुम्ही सांगितलंत तसं केलं. ठिपके उठावाचे आहेत! आजवर डोळ्यांनी बघत होते, बोट कधी लावलं नव्हतं. एकेक ठिपका मोहरीसारखा टपोरा लागतो, आणि खोगिराच्या कडेनं दोरीसारखी उठलेली रेघ आहे. पाय वेगळे करून बसवलेत. मागच्या डाव्या पायाच्या सांध्यातून तपकिरी भुसकट आणि तागाच्या चिंधीसारखे धागे दिसतात. फोटो टाकलाय. काळ्या कागदावर आतापर्यंत तरी पीठ नाही, पण अजून थोडेच दिवस झालेत.

आणि बाकीच्या घोड्यांचंही सांगाल का? माझी मुलगी नववीत आहे. तिला आजोबांचा संग्रह पुढं चालवायचाय. तिनं काय घ्यावं, कुठून सुरुवात करावी?

शहापूरचे मास्तर

ताई, तो सांध्याचा फोटो बघून मी उठून उभाच राहिलो.

हलक्या लाकडाचे वेगवेगळे भाग, सांध्यात चिंचोक्याच्या खळीत कालवलेला लाकडाचा भुसा, वर तागाची चिंधी, त्यावर दगडाच्या पुडीचं अस्तर, आणि तीच लगदी कुंचल्याच्या टोकानं थेंब थेंब सोडून उठावाचे दागिने. ही सगळी रीत किन्नाळची. किन्नाळ कोप्पळ जिल्ह्यात आहे, हंपीपासून फार लांब नाही. तिथले चित्रगार, म्हणजे पिढीजात कारागीर, देवांच्या मूर्ती आणि वाहनं करतात. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातली छताची चित्रं त्यांच्या पूर्वजांनी काढली असं मानलं जातं. तुमचा घोडा किन्नाळातच झाला असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण हात त्या रीतीत शिकलेला आहे, यात मला शंका नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कुणी तिकडं नोकरीला होतं का, कुणाचं माहेर तिकडचं का. आठवणी आहेत तोवर लिहून घ्या.

गोकाकच्या ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे. खळ चालते, कारण मुळात तीच वापरलेली असते. पण पोपड्याखाली सोडायला ती जाड पडते, वर राहिली तर चमकते, आणि आपल्या पावसात तिला बुरशी आणि झुरळ दोन्ही लागतात. जुने लोक त्यासाठी खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, पण ते विषारी, आणि पांढऱ्यावर हिरवट झाक येऊ शकते. मी बिनवासाचं, बिनरंगाचं खायचं जिलेटिन वापरतो, केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. 100 मिली कोमट पाण्यात 2 ते 3 ग्रॅम, त्याहून दाट नको. देवाच्या घोड्याला जिलेटिन कसं म्हणून कुणी विचारेल, तर बऱ्याच जुन्या कामांतला सरससुद्धा जनावराचाच असतो. तरी घरात चालत नसेल तर खळच घ्या, अगदी पातळ करून, दोनदा गाळून.

बारीक, शून्य नंबरचा ब्रश. पोपड्याच्या कडेला एक थेंब टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मिनिटभर थांबायचं, पोपडा नरम पडतो. मग त्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवून बोटानं हलकेच दाबायचं. घासायचं नाही. जास्तीचं वर आलं तर कापसाच्या ओलसर काडीनं टिपायचं. एका बैठकीत दोन बोटं जागा झाली तरी पुष्कळ. आणि हे आता नाही, नोव्हेंबरनंतर हवा कोरडी झाल्यावर. आज ओल्या लाकडावर बसवलेला पोपडा मार्चमध्ये परत उठेल. आधी मुलीच्या हातून एखाद्या फुटक्या रंगीत खेळण्यावर सराव करून घ्या. जिथं रंग पूर्ण गेलाय तिथं पांढरं अस्तर तसंच दिसू द्या. फारच डोळ्यांत खुपलं तर पाण्यानं निघेल असा जलरंग, तोही फक्त त्या पांढऱ्या जागेत. हे घरी करायची भीती वाटली तर बेंगळुरूला इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं संवर्धन केंद्र आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही असं काम करणारा विभाग आहे. फोटो पाठवून सल्ला विचारता येतो.

चन्नपट्टणच्या घोड्यांवर रंग नाही, लाख आहे. लाकूड चरकावर (लेथवर) फिरत असताना रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चकाकी आणतात. ते लाकूड म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा. चरकावर फिरवून केलेले म्हणून त्या घोड्यांचे भाग गोल गोल असतात. आता चिकटपणा: कपाटात वर बल्ब आहे का? उष्णतेनं लाख नरम पडते आणि धूळ धरते. बल्ब काढा. डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर त्याही काढा. कोरड्या मऊ सुती कापडानं पुसा आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर जवळसुद्धा आणू नका, लाख त्यात विरघळते. एका फडक्यात सगळी चकाकी जाईल.

बंगालची जोडी बांकुड्याची. पांचमुऱ्याचे कुंभार धड, पाय, मान चाकावर वेगवेगळे काढून जोडतात, आणि कान-शेपूट वेगळी करून नुसती भोकात खोचलेली असतात. म्हणजे तुमचा कान तुटलेला नसणार, निघालेला असणार! कपाटाच्या कोपऱ्यात शोधा. मुळात हे घोडे धर्मठाकुराला, म्हणजे तिकडच्या लोकदेवाला, नवसाचे म्हणून वाहायचे. त्यांच्यावर रंगाचा हात नाही, लाल-काळा हा भट्टीचाच रंग. भट्टीतला धूर कोंडला की काळा. कोरड्या ब्रशनं झटका, बस्स.

स्वीडनचा लाल घोडा दालार्ना प्रांतातला, नुसनेस नावाच्या गावी करतात. पाइनच्या लाकडाचा. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडननं असा भला मोठा घोडा उभा केला आणि त्यानंतर तो साऱ्या जगात गेला. लगाम-खोगिराची वेलबुट्टी एकाच ब्रशवर दोन रंग घेऊन एका फटक्यात ओढतात. भिंगातून बघा, प्रत्येक पाकळीत एक रंग दुसऱ्यात मिसळत गेलेला दिसेल. मुलीला हे नक्की दाखवा.

तिनं पुढं काय घ्यावं? मी म्हणेन, आधी जे आहेत त्यांची वही करावी. एकेका घोड्याला एक पान: उंची, वजन, पोटाखालचा फोटो, कुठून आला, आजोबा तेव्हा कुठं होते. त्यांची बदलीची कागदपत्रं असतील तर बहुतेक सगळ्या घोड्यांची गावं आणि सालं त्यातून लागतील. असं पान जोडलेला साधा घोडा मला बिनपानाच्या महागड्या घोड्यापेक्षा मोलाचा वाटतो. अंगावर नंबर घालू नका, सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा.

मग जवळचं घ्या. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, तिथल्या चितार आळीत जा. तिथला घोडा बहुतेक आंब्याच्या लाकडाचा आणि तैलरंगाचा, फळांसाठी हलका पांगारा. 2024 मध्ये सावंतवाडीच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, चन्नपट्टणला ते त्याच्या कितीतरी आधी मिळालेलं आहे. गोकाकचा एक करून घ्या, किन्नाळला एकदा स्वतः जा, तुमच्या पांढऱ्याचा फोटो घेऊन. आणि दिवाळीत किल्ल्यांसाठी बाजारात जे मातीचे घोडेस्वार येतात, त्यातला एक दर वर्षी घ्या. हे मी कळकळीनं सांगतो. ते कुणी जपत नाही, किल्ला मोडला की मातीत जातात, आणि आता बहुतेक प्लास्टरचे साच्यातून येतात. ओळखायला सोपं: तळाला नखानं खरवडलं की प्लास्टर पांढरंफेक भुरभुरतं आणि दोन्ही बाजूंना साच्याची शिवण दिसते. हातानं केलेला मातीचा मिळाला, तर त्याची नाकी-डोळी जरा वाकडी असली तरी तोच घ्या.

अमेरिकेचा घोडा राळेचा, म्हणजे रेझिनचा. 2001 मध्ये न्यू मेक्सिको राज्यात चित्रकारांना खऱ्या आकाराचे घोडे रंगवायला देऊन रस्त्यांवर मांडले होते, त्यातून पुढं या लहान प्रतिकृती निघाल्या. जमवणारे लोक त्यावरची आवृत्ती आणि क्रमांक बघतात, तेव्हा तळाला किंवा चिठ्ठीवर जे छापलंय ते पुसू नका, आणि मूळ खोकं असेल तर ठेवा. पाय नाजूक असतात. उचलताना मानेला नाही, पोटाखाली हात घालायचा.

खानापूरची सून

कान सापडला! खालच्या फळीच्या मागं, कोळ्याच्या जाळ्यात होता. नुसता खोचला आणि बसला.

कपाटात वर बल्ब होताच, आज काढला. बदलीच्या कागदांची पेटी माळ्यावर आहे, मुलगी रविवारी काढणार म्हणते. एक शेवटचं विचारते, पुड्या घातलेली ती चंदेरी पिशवी पारदर्शक नसते, मग आत पुड्या काम करतायत हे कळायचं कसं?

शहापूरचे मास्तर

छान झालं! पिशवीबरोबर एक छोटी गोळी मिळते, ऑक्सिजन असेल तर निळी-जांभळी आणि संपला की गुलाबी होते. एका बाजूनं पारदर्शक असलेल्या हवाबंद पिशव्याही मिळतात, तसली घ्या आणि गोळी त्या बाजूला दिसेल अशी ठेवा. दोन दिवसांत गुलाबी झाली नाही तर सील कुठंतरी सुटलंय, परत इस्त्री फिरवा. पुड्या काम करताना थोड्या गरम होतात, म्हणून त्या घोड्याला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठा घाला. पण हे काळ्या कागदावर पीठ दिसलं तरच.

चंदगडकर

मास्तर, गेल्या रविवारी देवळात गेलो तेव्हा घोड्याच्या पोटाखाली बघितलं. रंगाचे थर एवढे जाड की खुराची चीर बुजलीय. पुजाऱ्यांशी बोललो. यात्रेआधी नवा रंग देताना खालचा सैल रंग कसा काढायचा, लाकडाला न दुखवता, ते सांगाल का? वेगळा प्रश्न म्हणून टाकतो.

शहापूरचे मास्तर

टाका, जरूर टाका. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन चारही बाजूंचे आणि पोटाखालचा फोटो द्या. तोवर कुणाला पॉलिश पेपर लावू देऊ नका.